थेंबांनी मोतीबिंदू विरघळेल का? आई ऑपरेशनला तयार नाही

पत्र थोडक्यात असं आहे: लिहिणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या, पुण्यात नोकरीला. आई ६७ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या गावी मोठ्या मुलाकडे राहते. बरीच वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. तालुक्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. आई म्हणते, "मला उलट आता चष्म्याशिवाय हरिपाठ वाचता येतो. कशाला डोळ्याला हात लावायचा?" शेजारच्या काकूंना ऑपरेशननंतरही नीट दिसत नाही, ही भीतीही तिच्या मनात आहे. दादांनी इंटरनेटवर वाचलं की मोतीबिंदू म्हणजे क्रिस्टलिन नावाचं प्रथिन बिघडणं, आणि ते थेंबांनी पुन्हा विरघळवता येतं. त्यांनी परदेशातून महागडे थेंब मागवलेत, शिवाय आईला रोज प्रोटीन पावडर सुरू केली आहे. ताई विचारतात: "दादाचं ऐकावं की आईला जबरदस्तीने दवाखान्यात न्यावं? काही बिघडलं तर सगळे मलाच बोल लावतील. मलाही अलीकडे वाचायला चष्मा लागलाय. डोळे खाजले की मेडिकलमधून आणलेले थेंब घालते, बरं वाटतं. माझंही पुढे आईसारखंच होणार का?"

ताई,

तुमच्या पत्रात दादा थोडे वेडगळ वाटतात आणि आई हट्टी. मला दोघंही तसे वाटत नाहीत. दादांनी वाचलंय त्यात निम्मं खरं आहे. आणि आईला चष्म्याशिवाय वाचता येतं, हे तर पूर्ण खरं आहे. म्हणून आधी डोळ्यात नेमकं काय चाललंय ते सांगते, मग काय करायचं ते तुम्हा तिघांना बसून ठरवणं सोपं जाईल.

डोळ्याच्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं, आपण सगळे त्याला लेन्सच म्हणतो. मोतीबिंदू हा डोळ्यावर येणारा पडदा नाही, खरवडून काढावा असा. ही लेन्सच आतून गढूळ होते. लेन्सच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो, बाकी बहुतेक पाणी. आणि त्या विरघळलेल्या प्रथिनांपैकी जवळपास नव्वद टक्के म्हणजे क्रिस्टलिन. त्यांचे मुख्य प्रकार तीन: अल्फा, बीटा आणि गॅमा. इतकं दाट प्रथिन एका जागी असूनही त्यातून प्रकाश आरपार जातो, कारण हे रेणू एकमेकांना चिकटून न बसता अगदी जवळजवळ, एकसारखे पसरलेले असतात. ही जवळीक नीट राहिली तर लेन्स स्वच्छ. रेणूंचे गठ्ठे झाले की प्रकाश त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे विखुरतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागतात.

आता यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट, आणि दादांच्या प्रोटीन पावडरचं उत्तरही त्यातच आहे. लेन्सच्या पेशी मोठ्या होताना आपलं केंद्रक आणि आतली बाकीची यंत्रणा टाकून देतात, कारण त्या गोष्टी प्रकाशाच्या वाटेत येतात. मात्र यंत्रणा गेली की नवीन प्रथिन तयार करणंही थांबतं. लेन्समध्ये रक्तवाहिन्याही नसतात. त्यामुळे लेन्सच्या अगदी गाभ्यातली प्रथिनं आई तिच्या आईच्या पोटात असताना बनली, ती आजतागायत तीच आहेत. त्वचा, रक्त, आतड्याचं अस्तर, सगळं बदलत राहतं; हा गाभा बदलत नाही. हे नुसतं अनुमान नाही. १९५०–६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सर्गी कार्बनचं प्रमाण वाढलं होतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये माणसांच्या लेन्समधल्या क्रिस्टलिनमधला तो कार्बन मोजला आणि त्यावरून माणसाच्या जन्माचा काळ ओळखता येतो हे दाखवलं. याच पद्धतीने २०१६ मध्ये ग्रीनलँड शार्क माशांची वयं काढली, तेव्हा त्यांतला सगळ्यात मोठा मासा निदान २७२ वर्षांचा असावा असा हिशेब निघाला.

म्हणजे आईला पावडर पाजली तर ते प्रथिन पोटात पचेल, स्नायूंना, रक्ताला मिळेल, पण लेन्सच्या गाभ्यात एक कणही नवा बसणार नाही. तिला जेवणात डाळ, दूध, उसळी पुरेशा मिळत नसतील तर त्या जरूर वाढवा, तिच्या एकंदर तब्येतीसाठी. पावडर मात्र मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका. मूत्रपिंडांवर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर जास्तीचं प्रथिन त्रासदायक ठरू शकतं.

मग इतकी जुनी प्रथिनं साठ-सत्तर वर्षं टिकतात कशी? इथे अल्फा क्रिस्टलिनचं काम येतं. बीटा आणि गॅमाच्या रेणूंची घडी हळूहळू सैल व्हायला लागते, आणि सैल झालेले रेणू एकमेकांत गुंततात. अल्फा अशा सैल रेणूंना धरून ठेवतं आणि गठ्ठा होऊ देत नाही. जोसेफ हॉर्विट्झ या संशोधकाने हे १९९२ मध्ये दाखवलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणूंवर संशोधन करणाऱ्या केंद्रात आणि राष्ट्रीय पोषण संस्थेतही क्रिस्टलिनवर अनेक वर्षं चांगलं काम झालंय. पण अल्फाचा साठाही जन्माच्या वेळचाच. गाभ्यातलं मोकळं अल्फा वापरत वापरत चाळीस-पन्नाशीच्या सुमारास संपत येतं. लेन्स कडक होते, जवळचं पाहताना तिला फुगता येत नाही, आणि चाळिशीचा चष्मा लागतो. तुम्हाला लागलेला चष्मा हा या वयातला सगळ्यांचा अनुभव आहे. तो मोतीबिंदू नाही.

त्यापुढे जे गठ्ठे होतात, त्यांना थेंबांनी परत मोकळं करता येईल का, हा दादांचा प्रश्न. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर पांढराशुभ्र होतो; तीही प्रथिनंच, घडी उलगडून एकमेकांत अडकलेली. थंड पाण्यात ठेवल्याने ते अंडं पुन्हा कच्चं होत नाही. लेन्समध्ये हे उष्णतेने होत नाही, कित्येक वर्षांत कणाकणाने होतं, तरी अडचण त्याच जातीची आहे. आणि तरीही शास्त्रज्ञांनी प्रयत्न सोडलेला नाही. २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थावरचं संशोधन आलं. प्रयोगशाळेतल्या प्रथिनांचे गठ्ठे त्याने सुटले, कुत्र्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू कमी झाल्याचं दिसलं. बातमी जगभर गेली. दादांनी वाचलंय ते बहुधा याच धाग्यावरचं काहीतरी. पण त्याच वर्षी भारतातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेले माणसांच्या मोतीबिंदूचे गाभे लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात ठेवून पाहिले. ते स्वच्छ झाले नाहीत. २०१९ मध्ये दुसऱ्या गटानेही हेच नोंदवलं. बाजारात विकले जाणारे दुसरे थेंब असतात एन-ॲसिटिलकार्नोसिनचे. त्यांच्यावरचे सगळे उपलब्ध अभ्यास २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तपासले आणि त्याने मोतीबिंदू बरा होतो किंवा थांबतो असा भरवशाचा पुरावा सापडला नाही, असं सांगितलं. म्हणजे कल्पना खोटी नाही, पण आजच्या तारखेला माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू विरघळवणारं सिद्ध झालेलं औषध नाही. दादांना "फसलास" म्हणू नका. "तू वाचलंस ते संशोधन खरं आहे, पण ते अजून बाटलीत उतरलेलं नाही," असं म्हणा. आईसाठी पैसे घालणाऱ्या भावाला एवढा मान मिळायला हवा.

बाटली मात्र आईच्या डोळ्यात घालू देऊ नका. निर्जंतुक आहे की नाही, आत नेमकं काय आहे, कुणाला ठाऊक. आणि जी गोष्ट गावोगाव चालते ती इथेच सांगते, बाकीच्या वाचकांसाठीही: मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, कुणाचं दूध, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. लेन्स बुबुळाच्या मागे आहे, तिथवर ते पोचत नाही. बुबुळावर जखम आणि जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो, आणि त्याने गेलेली नजर मोतीबिंदूसारखी सहज परत मिळत नाही.

आता आईकडे येऊ. चष्मा सुटला म्हणून ती खूश आहे, आणि तुम्हाला वाटतं ती ऑपरेशन टाळायला बहाणा सांगतेय. तसं नाही. लेन्सच्या गाभ्यात मोतीबिंदू व्हायला लागला की गाभा जास्त घट्ट होतो, प्रकाश जास्त वाकवतो, आणि डोळ्याला मायनस नंबर येतो, म्हणजे जवळचं स्पष्ट दिसायला लागतं. ज्याला वाचायला चष्मा लागत होता त्याला तो लागेनासा होतो. दूरचं मात्र त्याच वेळी बिघडत जातं. हे टिकणारं नसतं. मोतीबिंदू वाढला की जवळचंही धूसर होतं. पण आज तिला हरिपाठातले अभंग स्वच्छ दिसतात हे खरं आहे, आणि तुम्ही ते नाकारलं तर तुमचं पुढचं काहीच ती ऐकणार नाही.

तिला दुसरे प्रश्न विचारून पाहा. एसटी येताना पाटी किती जवळ आल्यावर वाचता येते? संध्याकाळी अंगणाच्या पायरीवर पाय चुकतो का? नेव्ही ब्लू आणि काळा दोरा वेगळा ओळखता येतो का? हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. क्रिस्टलिन म्हातारं होताना पिवळं, पुढे तपकिरी होतं, आणि निळा रंग लेन्समध्येच अडतो. बदल इतका हळू होतो की माणसाला कळतच नाही. ऑपरेशन झालेली कितीतरी माणसं पहिल्यांदा सांगतात ती गोष्ट म्हणजे भिंती किती पांढऱ्या आहेत. आईला एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट, असं कॅलेंडर वाचायला सांगा. उजवा डोळा जास्त खराब असूनही डावा सांभाळून घेत असेल, आणि तिलाच त्याचा पत्ता नसेल.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत आहे, की निर्णय दोनच: आत्ता ऑपरेशन, नाही तर आंधळेपण. साध्या वाढत्या वयाच्या मोतीबिंदूत अशी घाई क्वचितच असते. तिच्या रोजच्या आयुष्यात अडतंय का, हा मुख्य निकष. मात्र "पिकू द्या, मग बघू" हा जुना सल्लाही आता सोडून द्यायला हवा. पूर्वीच्या पद्धतीत पिकलेला मोतीबिंदू काढणं सोपं जायचं. आता लेन्स आतल्या आत फोडून काढतात, आणि जितकी ती कडक तितकं काम अवघड. फारच उशीर केला तर अतिपिकलेल्या लेन्समधून हीच प्रथिनं पाझरतात, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बुजते, दाब वाढतो आणि डोळा लाल होऊन असह्य ठणकतो. तिथे मग घाई असते आणि नजर परत येईलच याची खात्री नसते.

आईच्या बाबतीत एक कारण असं आहे की ज्यासाठी मी तपासणी लांबवणार नाही: मधुमेह. जास्तीची साखर लेन्सच्या प्रथिनांना चिकटते, लेन्समध्ये साखरेपासून बनणारं सॉर्बिटॉल साठतं, म्हणून मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होतो. पण त्याहून मोठी काळजी मागच्या पडद्याची, रेटिनाची. मोतीबिंदू फार दाट झाला की डॉक्टरांना आतलं रेटिना दिसत नाही. शेजारच्या काकूंचं काय झालं ते मला माहीत नाही, पण ऑपरेशन नीट होऊनही नजर न येण्याचं एक कारण हेच असतं: रेटिना किंवा डोळ्याची नस आधीच बिघडलेली होती. दुसरं कारण अगदी साधं असतं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नवीन लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ होते, लोक म्हणतात "पुन्हा मोतीबिंदू आला". तो नसतो. ओपीडीत लेझरने काही मिनिटांत ते काम होतं. काकूंना हे कुणी सांगितलं आहे का, विचारून बघा. कदाचित तुमच्या आईच्या भीतीबरोबर काकूंचाही प्रश्न सुटेल.

म्हणून जबरदस्ती नको, पण आईला "ऑपरेशनला चल" न म्हणता "रेटिना तपासून येऊ" म्हणा. ते खरंही आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, त्यामुळे काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही. बरोबर गॉगल न्या आणि त्या दिवशी तिला एसटीने एकटी परत पाठवू नका. अलीकडचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सांगा. हे वाचणाऱ्या काकांसाठी: लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन घेत असाल तर मोतीबिंदूच्या डॉक्टरांना ते आधीच सांगा, त्याने ऑपरेशनच्या वेळी बाहुली लहान होत जाते.

ऑपरेशन ठरलं, तर एक गोष्ट डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून सांगितलीच पाहिजे: आईला चष्म्याशिवाय हरिपाठ वाचायचा आहे. साधी, एकाच अंतराची लेन्स बहुतेक वेळा दूरच्या नजरेसाठी बसवतात. मग बाहेर सगळं लख्ख दिसतं, आणि आजवर जे ती विनाचष्मा वाचत होती त्याला चष्मा लागतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, आणि आई म्हणते, "होतं तेवढंही गेलं." ही नाराजी फार घरांतून ऐकू येते आणि ती आधी बोलल्याने टळते. लेन्सचा नंबर जवळच्या वाचनासाठीही ठरवता येतो, मग चष्मा दूरसाठी लागेल. तिला कोणता चष्मा चालेल, हे तिनेच सांगायचं. महागडी बहुकेंद्री लेन्स (जवळचं-दूरचं दोन्ही दाखवणारी) घ्यायलाच हवी असं नाही, रेटिना मधुमेहाने बिघडलेलं असेल तर ती अनेकदा टाळतात. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि धर्मादाय नेत्र रुग्णालयांच्या शिबिरांत ही ऑपरेशनं मोफत होतात. त्याला कमी दर्जाचं समजू नका, रोज ढीगभर ऑपरेशनं करणारे हात तिथे असतात.

आईची भीती "घाबरू नको" म्हणून जाणार नाही, काय होणार ते सांगून थोडी जाईल. एका वेळी एकच डोळा. भूल फक्त डोळ्यापुरती, थेंबांची किंवा इंजेक्शनची. प्रत्यक्ष काम बहुधा वीस मिनिटांच्या आत, संध्याकाळी घरी. नंतर काही आठवडे थेंब, डोळ्यात पाणी नको, चोळायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही. जंतुसंसर्ग हा खरा धोका आहे आणि तो लपवू नका; चांगल्या ठिकाणी तो हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी होतो. पण त्याची खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी: ठणका वाढणं, लाली वाढणं, आलेली नजर पुन्हा कमी होणं. असं झालं तर उद्या नाही, त्याच दिवशी दवाखान्यात.

"काही बिघडलं तर मलाच बोलतील," असं तुम्ही लिहिलंय. हे ओझं तुम्ही एकटीने का उचलताय? डोळे आईचे आहेत. डॉक्टरांसमोर दादा, तुम्ही आणि आई तिघंही बसा, प्रश्न आईला विचारू द्या, आणि ती "पुढच्या वर्षी" म्हणाली आणि रेटिना ठीक असेल, तर तिचं ऐका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरवून या.

आता तुमच्याविषयी. आईला म्हातारपणचा मोतीबिंदू झाला म्हणून तुम्हालाही लवकर होईल असं नाही. क्रिस्टलिनच्या जनुकांत दोष असला की होतो तो मोतीबिंदू बहुधा जन्मतः किंवा बालपणी दिसतो. घरात कुणा बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, मोबाइलच्या फोटोत दिसली तरी, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे वाट पाहणं परवडत नाही. मोठ्यांनी करण्यासारखं थोडंच आहे, पण ते खरं आहे: तंबाखू आणि सिगारेट बंद, उन्हात टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल, साखर ताब्यात, गावी अजून चूल असेल तर गॅस. जीवनसत्त्वांच्या महागड्या गोळ्यांनी मोतीबिंदू टळतो असं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००१ मध्ये दिसलं नाही. पालेभाजी खा, पण गोळ्यांवर खर्च नको.

पण तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी थबकले, ते आईबद्दलचं नव्हतंच. "डोळे खाजले की मेडिकलमधून आणलेले थेंब घालते." आज ती बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने खाज झटकन थांबते, म्हणूनच लोक ते पुन्हा पुन्हा आणतात. महिनोन्‌महिने असं घातलं तर तरुणपणीच लेन्सच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळ्यातला दाब गुपचूप वाढून काचबिंदू होतो. त्यात गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. आईची वेळ घ्याल त्याच दिवशी स्वतःचीही घ्या, बाटली बरोबर न्या, किती दिवसांपासून घालताय ते खरं सांगा आणि डोळ्याचा दाब मोजून घ्या. खाजेवर स्टिरॉइड नसलेले ॲलर्जीचे थेंब मिळतात, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्या. तोपर्यंत थंड पाण्याची पट्टी ठेवा, आणि डोळे चोळू नका.